ओटीपी न सांगता गेलेले पैसे : नववीच्या वर्गातील एक प्रकरण

गोव्यातील डिचोली तालुक्यातील ज्या विद्यालयात मी संगणक शिकवतो, तेथील नववीच्या एका विद्यार्थ्याला त्या वर्षी जुलैमध्ये सायबर सुरक्षेवरील भित्तिचित्र स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले होते. चित्रात एक मोठा मोबाइल, त्यावर कुलूप आणि खाली ठळक अक्षरांत ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे वाक्य होते. चतुर्थीला दोन दिवस असताना त्याच मुलाच्या आईच्या बँक खात्यातून तीन वेळा मिळून ३८,५०० रुपये गेले. त्या संध्याकाळी त्या घरातल्या कोणीही कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता. पुढे सहा महिने मी वर्गात जे केले, त्याची सुरुवात या विसंगतीतून झाली.

घडले ते असे. आईच्या मोबाइलवर संदेश आला की मागील महिन्याचे वीजबिल नोंदले गेलेले नाही, रात्री साडेनऊला पुरवठा तोडला जाईल, अधिकाऱ्याशी या क्रमांकावर बोलावे. घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधणे चालू होते, देखाव्याची रोषणाई नुकतीच लावून झाली होती आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. आईने मोबाइल मुलाच्या हातात दिला, कारण घरातले असे सगळे व्यवहार तोच पाहतो. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय सौम्यपणे बोलला. बिल भरलेले दिसते, फक्त नोंद अद्ययावत करायची आहे, त्यासाठी दहा रुपये भरा, असे सांगून त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट मोबाइलमध्ये बसवायचे ॲप. मोबाइलने इशारा दिला आणि मुलाने तो ओलांडला. ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तीही त्याने दिली. मग दहा रुपये भरण्यासाठी आईच्या कार्डाचा तपशील त्याच ॲपमधील पानावर टाकला. यानंतर ओटीपी विचारण्याचे कारणच उरले नाही, कारण येणारा प्रत्येक एसएमएस ते ॲप परस्पर पुढे पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारात सामानाचे पैसे भरताना खात्यात शिल्लक नसल्याचे कळले. तेथूनच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली गेली आणि काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली. बाकीची गेली ती गेलीच.

चतुर्थीची सुट्टी संपल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी तर कोणताच नियम मोडला नव्हता.” त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि मला त्यावर द्यायला उत्तर नव्हते.

मी तोपर्यंत मुलांना नियम शिकवत होतो. अनोळखी दुव्यावर जाऊ नका, ओटीपी देऊ नका, पासवर्ड मोठा ठेवा. हे नियम चुकीचे नाहीत, परंतु प्रत्येक नियम कालच्या हल्ल्यावरून तयार झालेला असतो, आणि हल्लेखोरही तीच भित्तिचित्रे वाचतो. सगळेजण ओटीपी जपतात हे कळल्यावर तो ओटीपी न मागता मिळवण्याची वाट शोधतो. अमेरिकेत २०१४ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी भरवल्या गेलेल्या जेनसायबर शिबिरांमध्ये ‘प्रतिस्पर्ध्यासारखा विचार करणे’ ही सायबर सुरक्षेच्या मूळ संकल्पनांपैकी एक मानली जाते, हे मला वाचून ठाऊक होते. पण ती आमच्या वर्गात कशी आणावी याचा मी कधी विचार केला नव्हता. आमच्या मुलांना सहावी ते आठवीत राज्य सरकारच्या केअर्स योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकायला मिळते, आणि ते ती आवडीने शिकतात. मात्र कोडिंगमधून बांधणाऱ्याची नजर तयार होते, म्हणजे मी सांगितलेले काम यंत्र करते की नाही, एवढे पाहण्याची. हल्लेखोर पाहतो ते मी न सांगितलेले आणखी काय काय ते यंत्र करील. या दोन नजरा वेगळ्या आहेत, आणि दुसरी आपोआप येत नाही.

एक अडचण भाषेची होती. आमची बहुतेक मुले मराठी प्राथमिक शाळांतून येतात, घरी कोकणी बोलतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात बसतात. इंग्रजीत प्रश्न विचारला की पाठ्यपुस्तकातील वाक्य परत येते. म्हणून या तासांना मराठी किंवा कोकणी, जे सुचेल ते बोलावे असे ठरवले, आणि संगणक बंद ठेवले.

कुपने

पहिल्या तासाला मी मागील स्नेहसंमेलनाचे खाण्याचे कुपन फळ्यावर चिकटवले. गुलाबी कागद, त्यावर शाळेचा शिक्का, एका कुपनाला एक बशी पावभाजी. प्रश्न एकच होता : एका कुपनावर दोन बश्या कशा घ्याल? वर्गातील ३४ मुलांनी वीस मिनिटांत सतरा मार्ग सांगितले. रंगीत झेरॉक्स हा पहिला आला, आणि तो सर्वांत कच्चा होता. पुढचे मार्ग अधिकाधिक साधे होत गेले. कुपन गोळा करणारा दहावीचा मुलगा ते फाडत नाही, पेटीत टाकतो, आणि पेटी टेबलाखाली उघडी असते. जेवण वाढणाऱ्या काकींना ‘बाईंसाठी बशी पाहिजे’ म्हटले की कुपन विचारलेच जात नाही. शेवटच्या अर्ध्या तासात उरलेले अन्न संपवायचे असते, तेव्हा कोणी काहीच विचारत नाही.

मग प्रत्येक मार्गापुढे खर्च लिहायला सांगितला. पैसे किती लागतील, वेळ किती जाईल, पकडले गेल्यास काय होईल आणि कोणाच्या विश्वासाचा उपयोग केला. झेरॉक्सला पैसे लागतात आणि पुरावा उरतो. ‘बाईंसाठी बशी’ याला काहीच लागत नाही. हा हिशेब मांडल्यावर वर्गात एक शांतता पसरली. सतरापैकी अकरा मार्गांत कुपनाला कोणी हातसुद्धा लावत नव्हते.

एका मुलाने उपाय सुचवला की कुपनाचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत गुप्त ठेवावा. १८८३ मध्ये ऑगस्त केरखॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाविषयी मांडलेले तत्त्व सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती : किल्ली सोडून बाकी सगळी रचना शत्रूच्या हाती पडली तरी ती टिकली पाहिजे. मुलांनी ते लगेच आपल्या भाषेत आणले. रंग कळला तरी चालेल असे कुपन हवे. त्यासाठी क्रमांक घालावेत, वापरलेला क्रमांक यादीत खोडावा, असे त्यांनीच ठरवले. यादी कोणाकडे असेल, यावर मात्र तास संपेपर्यंत वाद चालला.

वीजबिलाचा संदेश

मुलाच्या आणि त्याच्या आईच्या संमतीने तो संदेश आम्ही दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर लिहिला. कोणाच्या घरी हे घडले ते सांगायचे नाही असे ठरले होते, परंतु त्या मुलाने पाच मिनिटांतच स्वतः हात वर केला.

संदेशात ‘वीज मंडळ’ असा उल्लेख होता. गोव्यात विजेचे मंडळ किंवा कंपनी नाही, सरकारचे वीज खाते आहे. एका मुलीने हे प्रथम दाखवले, आणि त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटला. तिचे म्हणणे असे की हा संदेश आपल्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो देशभर कोणालाही जावा म्हणून लिहिलेला होता, आणि आपल्याकडे येऊन पडला. इतर मुलांना हे पटेना. हल्लेखोराने चतुर्थी पाहून दिवस निवडला, असे त्यांचे ठाम मत होते. दोन्ही बाजू बराच वेळ भांडल्या. अखेर त्या मुलानेच सांगितले की त्याच्या मामींना तसाच संदेश मे महिन्यात आला होता, आणि त्यांनी तो वाचून पुसून टाकला होता.

येथे मुलांच्या मनातील हल्लेखोराचे चित्र पहिल्यांदा बदलले. अंधाऱ्या खोलीत बसलेला, टोपी घातलेला, विलक्षण हुशार तरुण, हे ते चित्र. त्याच्या जागी जाळे टाकून बसणारा एक माणूस आला. हजार संदेश पाठवायला त्याला जवळजवळ काही लागत नाही. नऊशे नव्याण्णव घरांत दिवस चुकीचा असतो आणि एका घरात माटोळी बांधलेली असते. त्याला चतुर्थी ठाऊक असण्याची गरज नाही.

दुसरा निष्कर्ष कटू होता. त्या फाइलला मोबाइलमध्ये शिरण्यासाठी घरातील जाणकार माणूस लागला. आई एकटी असती तर तिला एपीके बसवता आले नसते आणि पैसे वाचले असते. मुलाने हे स्वतः म्हटले, आणि मी ते खोडून काढले नाही. हल्लेखोराच्या दृष्टीने घरातील ‘संगणकातला’ मुलगा हाच दरवाजा असतो, कारण तो इशारे ओलांडायला शिकलेला असतो. भित्तिचित्र स्पर्धांमध्ये हे सांगितले जात नाही.

नक्कल करण्याची परीक्षा

सायबर सुरक्षा शिकवणारे ग्रेगरी कॉन्टी आणि जेम्स कॅरोलँड यांनी २०११ मध्ये एका अभिनव परीक्षेविषयी लिहिले होते. विद्यार्थ्यांना गणितातील पाय (π) या संख्येचे पहिले शंभर अंक लिहायला सांगायचे, नक्कल करण्याची उघड मुभा द्यायची, मात्र पकडले गेल्यास नापास. मी ती पन्नास अंकांवर आणली आणि एक दिवस आधी जाहीर केली.

पाण्याच्या बाटलीवरील कागदाच्या आतल्या बाजूला अंक लिहिणे, फळ्यावरील तारखेच्या आसपास ते बारीक खडूने टिपणे, बाकावर आधीच पेन्सिलने लिहिणे, हे सगळे झाले. चार मुले पकडली गेली. एकाने पन्नास अंक खरोखरच पाठ केले आणि नियमात बसते का असे विचारले. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर मी पूर्ण गुण दिले. पत्रिका परत केल्यावर तिने उभे राहून सांगितले की तिचे पहिले पंधरा आणि शेवटचे पाच अंक बरोबर आहेत, मधले तीस मनाने लिहिलेले आहेत. “एवढे अंक तुम्ही एक एक करून वाचणार नाही, सर, हे मला वाटलेच होते.”

बाकी सर्वांनी कागदावर हल्ला केला, तिने तपासणाऱ्यावर केला. मला थोडी लाज वाटली हे मान्य केले पाहिजे, पण त्या दिवशीचा पाठ तिनेच दिला. बँकेचा खाते क्रमांक पडताळताना आपणही आरंभीचे आणि शेवटचे चार अंक पाहून समाधान मानतो. संकेतस्थळाच्या पत्त्यात तर शेवटही पाहत नाही. बनावट पत्ता रचणारा सरकारी संकेतस्थळाचे पूर्ण नाव आरंभी घालतो आणि त्यापुढे टिंब देऊन स्वतःचे नाव जोडतो. पत्ता आपण डावीकडून वाचतो, मालक मात्र पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगेच आधी असतो. हे मी पूर्वी तीन वर्षे शिकवत आलो होतो आणि मुले ते तीन वर्षे विसरत आली होती. या वेळी ते लक्षात राहिले, कारण फसलो होतो मी.

त्या आठवड्यात एका पालकांची लेखी तक्रार आली की शाळा मुलांना नक्कल करायला शिकवते. मुख्याध्यापिकांनी मला बोलावले. त्यांचे म्हणणे असे की हा विषय बंद करण्याची गरज नाही, पण त्याला कुंपण नाही. मी तोपर्यंत मुलांच्या समजूतदारपणावर विसंबून होतो. आम्ही एक पान लिहिले : सर्व हल्ले कागदावरच होतील, कोणाच्या खऱ्या खात्याला किंवा मोबाइलला हात लावायचा नाही, खऱ्या माणसावर त्याच्या संमतीशिवाय काहीही अजमावायचे नाही. वर्षभरात केव्हाही, न सांगता, शाळा मुलांची एक चाचणी घेईल, अशी ओळही त्यात होती. सर्व पालकांनी त्यावर सह्या केल्या, तक्रार करणाऱ्यांनीही.

कुंपण किती आवश्यक होते ते दहा दिवसांतच कळले. एका मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले की कार्यालयातील एका संगणकाचा पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलेला आहे, आणि त्याने तो वापरून पाहिला. त्याने काही उघडले नव्हते, काही बदलले नव्हते, आणि त्याला शाबासकीची अपेक्षा होती. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे हेच भरपाईस कारण ठरू शकते. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. हेतू वाईट नव्हता म्हणून मी प्रकरण माझ्यापाशीच मिटवायला निघालो होतो. मुख्याध्यापिकांनी ते नाकारले. काय पाहिले, कशाला हात लावला, कशाला लावला नाही आणि कोणाला सांगितले, याचा लेखी अहवाल त्यांनी मुलाकडून घेतला, त्याच्या वडिलांना बोलावले, आणि त्याच दिवशी कार्यालयातील सर्व पासवर्ड बदलून घेतले. आज मला वाटते की त्यांचे बरोबर होते. चूक दाखवणारा आणि चूक वापरणारा यांच्यातील फरक परवानगीचा आहे, आणि तो मी शब्दांत सांगितला होता, पण मुलाला त्याची सही कोठेच करावी लागली नव्हती.

नद्यांची आकडेवारी

वाळवंटी नदीला पूर आला की साखळी शहराच्या बाजारात पाणी शिरते हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. जून २०२२ मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. प्रमुख नद्यांवरील १५ ठिकाणांची माहिती साठवणाऱ्या सर्व्हरमधील फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. नद्यांच्या पातळीची माहिती कोणाला अडवावीशी वाटेल, असे मी विचारले. उत्तरे भव्य होती : शत्रुराष्ट्र, म्हादई नदीच्या पाण्यावरून भांडणारे शेजारी, धरण फोडू पाहणारी टोळी. मग खात्याच्या तक्रारीतील कारण सांगितले, की सर्व्हर अहोरात्र इंटरनेटला जोडलेला होता, अँटिव्हायरस नव्हता आणि बाहेरचा शिरकाव अडवणारी फायरवॉल जुनी होती. ‘वीज मंडळ’ हा शब्द पकडणारी मुलगी म्हणाली, “म्हणजे त्याला नदी ठाऊकच नसेल.” तसेच असेल असे सिद्ध करता येत नाही, परंतु उघडे दार शोधत फिरणाऱ्याला आतले सामान कशाचे आहे हे आधी कळण्याची गरज नसते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मालकाला ते किती हवे आहे हे त्याला मालकच सांगतो.

ओळखीचे घर

जानेवारीत मी उलट काम दिले. आपल्या ओळखीच्या एखाद्या घराला, नाव न लिहिता, नेमका लागू पडेल असा एक संदेश लिहायचा. म्हणजे जाळे नव्हे, गळ. पानभर मजकूर, वर्गातच, आणि कागद तास संपताच मुख्याध्यापिकांच्या कपाटात.

एकाने बोटीवर काम करणाऱ्या काकांच्या नावाने आजीला फोन लिहिला, आवाजाची नक्कल करणारे ॲप वापरून. दुसरीने बारावीच्या ताईसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिला. ज्या कागदाने वर्ग गप्प झाला तो एका अबोल मुलाचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, तेव्हापासून ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले अशी घरे आमच्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत. त्याचा संदेश तीन ओळींचा होता. खाण पुन्हा सुरू होत आहे, स्थानिक ट्रकांना प्राधान्य आहे, नोंदणीचे पाचशे रुपये शुक्रवारपर्यंत भरावेत. त्यात भीती दाखवलेली नव्हती. आशा दाखवली होती, आणि वर्गातील निम्म्या मुलांना आपले वडील पैसे भरतील याची खात्री होती.

हे काम द्यावे की नाही याबद्दल मी अजूनही साशंक आहे. असा कागद शाळेबाहेर गेला तर तो तयार शस्त्रच ठरेल. म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे, हा संदेश त्या घरात कोणत्या एका गोष्टीने थांबला असता, ते लिहिणे सक्तीचे केले. आजीच्या घरासाठी उत्तर आले की काकांनी आणि आजीने एक घरचा शब्द ठरवावा, जो फोनवर आधी विचारला जाईल. ट्रकसाठी आले की मेसेजमधील क्रमांकावर कोणी फोन करायचा नाही, ट्रकमालकांच्या संघटनेतील ओळखीच्या माणसाला जाऊन विचारायचे. त्या दोन्ही उत्तरांत तंत्रज्ञान फारसे नाही. ती घरी जाऊन सांगितली गेली, एवढे पालकसभेत कळले.

चाचणी

मार्चमध्ये, सह्या घेतलेल्या पानातील ओळीप्रमाणे, मी सूचनाफलकावर एक कागद लावला. सराव परीक्षेच्या छपाईसाठी वीस रुपये खालील क्यूआर कोडवर भरावेत आणि भरल्याची नोंद वर्गप्रतिनिधीकडे करावी, असा मजकूर होता. कोड उघडला की ‘ही शाळेची चाचणी आहे’ एवढेच दिसत असे आणि पैसे जात नसत. ३४ पैकी २५ जणांनी मला किंवा कार्यालयात विचारले. चौघांनी तर कोडवर दुसरा कागद चिकटवला आहे का हे नखाने खरवडून पाहिले. नऊ जणांनी कोड उघडला, आणि त्यांत पायचे मधले तीस अंक मनाने लिहिणारी मुलगी होती.

तिला मी कारण विचारले. ती म्हणाली, “सूचना तुमच्या अक्षरात होती, सर.” उरलेल्या आठांपैकी पाच जणांचे कारण तेच निघाले. ज्याच्या घरचे पैसे गेले होते, तो विचारणाऱ्यांत होता, पण माझ्याकडे आला नाही. तो थेट मुख्याध्यापिकांकडे गेला, कारण सूचना माझ्या नावाची असल्याने मला विचारून उपयोग नाही, असे त्याचे म्हणणे होते.

तेव्हापासून पैशांविषयीची कोणतीही सूचना मुख्याध्यापिकांच्या शिक्क्याशिवाय फलकावर लागत नाही. शिक्का कार्यालयात कोणत्या खणात असतो आणि त्या खणाला कुलूप असते का, हे नववीतील दोन मुलींनी आतापर्यंत विचारून झाले आहे.